मान कोणाचा आणि किल्ली कोणाकडे? ग्रामदैवताच्या विश्वस्तपदाविषयी एक प्रश्न

निरेकाठचा :

नमस्कार. आमच्या गावात सध्या चाललेल्या एका वादाविषयी येथील जाणकारांचे मत हवे आहे. गावाचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण वाद अजून मिटलेला नाही आणि दोन्ही बाजूंची माणसे माझ्या उठण्याबसण्यातली आहेत.

आमचे ग्रामदैवत भैरवनाथ. सार्वजनिक न्यासांचा १९५० चा कायदा आला तेव्हा देवस्थानाची नोंदणी झाली आणि गावातल्या चार घरांतले पाच कर्ते पुरुष विश्वस्त झाले. पुढे जागा रिकामी झाली की त्याच घरातला थोरला मुलगा त्या जागी बसायचा, हा शिरस्ता आजवर चालत आला. पूजेची पाळी गुरवांच्या तीन घरांत फिरते आणि तिच्याविषयी कोणाचीही तक्रार नाही. तक्रार आहे ती दानपेटीची किल्ली, यात्रेची वर्गणी आणि देवस्थानाच्या इनाम जमिनीचा खंड या तीन गोष्टींविषयी.

सारे गाव ज्यांना आबा म्हणत असे ते ज्येष्ठ विश्वस्त माघात वारले. एकतीस वर्षे त्यांनी देवस्थानाचा रोजमेळ स्वतःच्या हाताने लिहिला. यात्रेच्या तिसऱ्या दिवशी, छबिना परतलेला, पाहुणे निघून गेलेले आणि मंडपातली सतरंजी अजून गुलालाने माखलेली असताना, आबा लाल कापडी पुठ्ठ्याची वही मांडीवर घेत आणि पहिल्या पानापासून मोठ्याने वाचत. वर्गणी इतकी, दानपेटी इतकी, मांडववाल्याला इतके, कुस्त्यांच्या इनामाला इतके, भोंग्याच्या दुरुस्तीला साठ रुपये. मध्येच कोणी म्हणे, "आबा, माझे पाचशे आले नाहीत त्यात," की वाचन थांबे, पावतीपुस्तकाची स्थळप्रत काढली जाई आणि चूक असली तर ती तिथल्या तिथे लाल शाईने दुरुस्त होई. आबांना कोणी निवडून दिलेले नव्हते. त्यांचे वडील विश्वस्त होते म्हणून ते विश्वस्त झाले होते.

त्यांचे थोरले चिरंजीव पिंपरी-चिंचवडला नोकरीला असतात आणि सणावारालाच गावी येतात. यंदा चैत्र वद्य अष्टमीच्या यात्रेनंतर तिसऱ्या दिवशी वाचन झाले नाही. विचारले तेव्हा "सगळे एक्सेलमध्ये आहे, ग्रुपवर पाठवतो," असे उत्तर मिळाले आणि ते अद्याप आलेले नाही. त्यांनी काही खाल्ले असेल असे मला मुळीच वाटत नाही, माणूस सरळ आहे. पण वाचन झाले नाही ते नाहीच.

यावर तरुण मंडळाने सभामंडपात बैठक घेऊन मागणी केली, की विश्वस्त दर पाच वर्षांनी गावाने निवडावेत, त्यांत दोन स्त्रिया असाव्यात, आणि ज्या वस्तीची हलगी दर वर्षी पालखीपुढे वाजते पण जिचा एकही माणूस आजवर समितीत बसलेला नाही, त्या ओढ्यापलीकडच्या वस्तीला एक जागा मिळावी. मागणी मला पटते. अडचण अशी, की मंडळाचे पुढारपण ज्याच्याकडे आहे तो पंचायत समितीच्या एका माजी सदस्याचा पुतण्या आहे, आणि मंडळाच्या प्रत्येक फलकावर देवाच्या छायाचित्रापेक्षा दोन नेत्यांची छायाचित्रे मोठी असतात. वडीलधारी मंडळी म्हणतात, "देवाच्या दारात मतपेटी नको." हेही मला पटते, हीच माझी पंचाईत आहे.

म्हणून विचारतो. परंपरा म्हणून यातले नेमके काय राखावे आणि नवे म्हणून नेमके काय आणावे? शिवाय कायद्याने यातले काय शक्य आहे?


जुना_तलाठी :

आपल्या प्रश्नाच्या शेवटच्या भागापासून सुरुवात करतो, कारण गावातले निम्मे वाद कागद न पाहता चाललेले असतात.

धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात आपल्या न्यासाची नोंद परिशिष्ट १ मध्ये असेल. त्या नोंदीत विश्वस्तांची नावे असतात, तशीच "विश्वस्तपदाच्या उत्तराधिकाराची पद्धत" हीदेखील नोंदवलेली असते. तिथे काय लिहिले आहे ते गावात कोणी पाहिले आहे काय? माझ्या नोकरीच्या काळात मी अशी देवस्थाने पाहिली आहेत, जिथे तीन पिढ्या बापामागून मुलगा बसत आला होता आणि कागदावर वारसाचा शब्दही नव्हता. आधी त्या नोंदीचा उतारा काढा. विश्वस्त वारला की नव्वद दिवसांच्या आत कलम २२ प्रमाणे चेंज रिपोर्ट, म्हणजे विश्वस्त बदलल्याची सूचना, दाखल करावा लागतो. आबा माघात गेले असतील तर दिवस मोजायला लागा. नोंदलेली पद्धतच बदलायची असेल तर कलम ५०-अ खाली योजना तयार करून घेता येते आणि त्यासाठी न्यासात हितसंबंध असलेल्या दोन व्यक्तींचा अर्ज पुरतो. दर्शनाचा हक्क असलेला माणूस हितसंबंधी धरला जातो, म्हणजे आपले सारे गाव त्यात आले. देवस्थान इनाम वर्ग ३ मध्ये असेल तर ती जमीन देवाची आहे, विश्वस्तांची नाही आणि गुरवांचीही नाही, हेही या निमित्ताने सर्वांना सांगून ठेवावे.

आता मूळ प्रश्न. वारसाने आलेला अधिकार जातो तेव्हा काय होते, याचा आपल्याकडे जुना आणि फार चांगला अनुभव आहे. देवळाचा नाही, चावडीचा. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१८ साली कुलकर्णी वतने बंद केली आणि दप्तर पगारी तलाठ्यांकडे दिले. मुंबई राज्यात परगणा व कुलकर्णी वतने १९५० च्या कायद्याने गेली, महार वतनासह कनिष्ठ ग्रामवतने १९५८ च्या कायद्याने गेली आणि मुलकी पाटीलकी १९६२ च्या कायद्याने संपली. आजचा पोलीस पाटील हा १९६७ च्या कायद्याखाली नेमला जातो. त्याला अर्ज करावा लागतो, परीक्षा द्यावी लागते, आणि आरक्षणाप्रमाणे ते पद कोणत्याही समाजाच्या माणसाला किंवा स्त्रीला मिळते. माझी स्वतःची नोकरी याच बदलातून निर्माण झाली, नाहीतर माझ्या आडनावाच्या माणसाने दप्तराला हात लावला असता तर शंभर वर्षांपूर्वी गाव गोळा झाले असते.

तरीही मी ज्या ज्या सज्जात, म्हणजे तलाठ्याच्या हद्दीत, काम केले तिथे बेंदराला वेशीतून पहिला बैल पाटलाच्या घरचाच जायचा. पाटलाकडे ना सारा वसूल करण्याचा अधिकार उरला होता, ना कोणाला चावडीवर बोलावण्याचा. एका गावी तर पाटलाच्या घरी बैलच उरले नव्हते, ट्रॅक्टर होता. म्हणून शेजाऱ्याची जोडी झूल घालून पाटलाच्या दारातून काढीत आणि मग वेशीतून नेत. पोलीस पाटील त्या वेळी दुसऱ्याच समाजाचा एक तरुण होता. तो मिरवणुकीत वाहने थांबवण्याच्या कामात असे, आणि यात कोणालाही काही विपरीत वाटत नसे. तेव्हा माझे मत असे, की मान आणि अधिकार या दोन गोष्टी आहेत आणि त्या वेगळ्या काढता येतात. आबांच्या घराला पालखीचा पहिला खांदा मिळत असेल तर तो राहू द्या. दानपेटीची किल्ली हा मान नाही, ती जबाबदारी आहे, आणि जबाबदारी कोणाकडे द्यायची हे ज्यांचा पैसा त्यांनी ठरवावे.


माळकरी :

तलाठीसाहेबांनी चावडीचे सांगितले, मी वाटेचे सांगतो. माझी आळंदी ते पंढरपूर ही वारी गेली बावीस वर्षे चालू आहे, आणि मान व अधिकार यांची जी फोड त्यांनी केली ती माउलींच्या पालखी सोहळ्यात फार पूर्वीच झालेली आहे, असे मला दिसते.

पादुका पालखीत घालून दिंड्यांसह नेण्याची आजची शिस्तबद्ध रीत सातारा जिल्ह्यातल्या आरफळच्या हैबतबाबांनी एकोणिसाव्या शतकात घालून दिली. ते शिंद्यांच्या चाकरीत सरदार होते, त्यामुळे सोहळ्याला घोडे, तंबू, चोपदार असा लष्करी थाट आला. घोडे आजही अंकलीच्या शितोळे सरकारांकडून येतात. हैबतबाबांच्या वंशजांना सोहळ्याचे मालक म्हणतात आणि तो मान पिढ्यानपिढ्या आरफळकरांकडे आहे. व्यवस्थापन मात्र आळंदीच्या संस्थान कमिटीकडे असते आणि तिचे विश्वस्त पुण्याच्या जिल्हा न्यायालयाकडून नेमले जातात. रथापुढे कोणती दिंडी कितव्या क्रमांकाला चालायची याचा क्रम ठरलेला आहे आणि त्या क्रमाला लोक जिवापाड जपतात. एवढ्या मोठ्या समुदायात मानकरी एक, कारभारी दुसरा आणि वाटेवरची शिस्त राखणारा चोपदार तिसरा आहे, म्हणूनच तो समुदाय चालतो.

पण मला विशेष सांगायचे आहे ते समाज आरतीविषयी, कारण आबांच्या वाचनाचे वर्णन वाचताना मला तीच आठवली. मुक्कामाच्या तळावर पालखी पोहोचली की दिंड्या गोल करून उभ्या राहतात. हजारो टाळ एका वेळी वाजत असतात, शेजारच्या माणसाचे बोलणेही ऐकू येत नाही. चोपदार हातातला चोप उंच करतात आणि क्षणात सारे टाळ थांबतात. ज्या दिंडीला तक्रार मांडायची असेल तिने मात्र टाळ थांबवायचे नसतात. त्या शांततेत एकाच कोपऱ्यातून टाळ वाजत राहतात आणि साऱ्या तळाला कळते, की त्या दिंडीचे काहीतरी अडले आहे. चोपदार तिथे जातात, ऐकून घेतात, निवाडा करतात, मग ते टाळही थांबतात. त्यानंतर हरवल्या-सापडल्याची यादी वाचली जाते, उद्या किती वाजता निघायचे ते सांगितले जाते आणि आरती होते. एका वर्षी आमच्या शेजारच्या दिंडीच्या पाण्याच्या टँकरला दुसऱ्याने वाट दिली नव्हती, एवढ्या गोष्टीसाठी त्यांनी टाळ चालू ठेवले होते आणि सारा समाज तोवर उभा होता. कोणी हसले नाही.

चोपदारकी घराण्यात चालत आलेली आहे, तरी त्या घराण्याला रोज संध्याकाळी सर्वांसमोर उभे राहावे लागते. पाच वर्षांनी एकदा मत मागण्यापेक्षा ही कसोटी मला अधिक कडक वाटते. म्हणून निवडणुकीविषयी माझे मन साशंक आहे. ज्या गावात ग्रामपंचायतीच्या निवडणुकीनंतर सख्खे भाऊ दोन वर्षे बोलत नाहीत त्या गावात देवळाचीही निवडणूक लावली, तर छबिन्याला खांदा द्यायला एका पार्टीची माणसे येतील आणि दुसरीची घरी बसतील.

तरी वारकऱ्यांनी नवे काही केलेच नाही असे कोणी समजू नये. फड म्हणजे एखाद्या महाराजांच्या घराण्यामागे चालणारा वारकऱ्यांचा समुदाय, आणि फड परंपरेत गादी घरात राहते. पण विष्णुबुवा जोगांनी १९१७ साली आळंदीत वारकरी शिक्षण संस्था काढली, आणि ज्याच्या घरात फड नाही, गादी नाही, असा शेतकऱ्याचा मुलगाही माधुकरी मागून तिथे चार वर्षे ज्ञानेश्वरी आणि गाथा शिकू लागला. आज महाराष्ट्रात कीर्तनाला उभे राहणाऱ्यांपैकी किती जण त्या मुशीतून निघाले याची मोजदाद नाही. जोग महाराजांनी कोणाची गादी काढून घेतली नाही. त्यांनी दुसरी वाट उघडली आणि कीर्तन कोणाचे ऐकायचे ते लोकांनी ठरवले. २०२० साली साथीमुळे पादुका एसटीने पंढरपुरास न्याव्या लागल्या, तेव्हा मी घरी दूरचित्रवाणीसमोर रडलो, पण परंपरा मोडली असे मला वाटले नाही.


अनुराधा_म :

वरील दोन्ही प्रतिसाद मी आदराने वाचले, आणि समाज आरतीचे वर्णन तर दोनदा वाचले. तरीही मला त्यांच्याशी एका मुद्द्यावर मतभेद नोंदवायचा आहे. मान वेगळा आणि अधिकार वेगळा असे म्हणताना आपण मान निरुपद्रवी आहे असे गृहीत धरतो. तो निरुपद्रवी असतो का?

आपल्या गावाच्या यात्रेतली मानकऱ्यांची यादी एकदा कागदावर उतरवून पाहा. पहिला नारळ कोणाचा, पालखीचा पुढचा दांडा कोणाचा, सासनकाठी कोणाची, नैवेद्य कोणाच्या घरचा, हलगी कोणाची, आणि पत्रावळी उचलण्याचे काम कोणाचे. मूळ लेखकांनी सहज लिहून टाकलेले वाक्य, की ज्या वस्तीची हलगी पालखीपुढे वाजते तिचा माणूस समितीत कधी बसला नाही, तेच या सगळ्या चर्चेचे मूळ आहे असे मला वाटते. हलगीलाही गावात "मान"च म्हणतात. पण नारळाचा मान सोडावा असे कोणाला वाटत नाही, आणि हलगीचा मान सोडायचा म्हटले तर गाव सोडू देत नाही. दोहोंना एकच शब्द वापरून आपण फरक झाकतो. आणि बायकांना? ओटी भरण्याचा.

पंढरपूरचा इतिहास येथे उपयोगी पडेल. चोखोबांची समाधी महाद्वारासमोर नामदेव पायरीजवळ आहे, म्हणजे दाराबाहेर. त्या दारातून अस्पृश्य मानलेल्यांना आत जाता यावे म्हणून साने गुरुजींना १ मे १९४७ पासून दहा दिवस उपोषण करावे लागले. त्यानंतर दार उघडले, पण आतला कारभार बडवे-उत्पातांच्या आणि सात सेवाधाऱ्यांच्या वंशपरंपरागत पुजारी घराण्यांकडेच राहिला. देवापुढच्या उत्पन्नाचे हक्क लिलावात जात. नाडकर्णी आयोग, मग १९७३ चा पंढरपूर मंदिरे कायदा, मग न्यायालयांच्या पायऱ्या, आणि सर्वोच्च न्यायालयाचा अखेरचा निकाल जानेवारी २०१४ मध्ये. कायदा होऊन चाळीस वर्षे! त्याच वर्षी मंदिर समितीने पुजाऱ्यांसाठी जातीची अट न ठेवता अर्ज मागवले आणि स्त्रियांनाही अर्ज करण्याची मुभा दिली. कोणताही मानकरी आपण होऊन दाराच्या कडेला सरकला, असे या साऱ्या इतिहासात मला कुठे आढळत नाही.

कायद्याच्या विद्यार्थ्यांना शिकवताना मी १९७२ चा शेषम्मल खटला नेहमी सांगते. तामिळनाडूने मंदिरातील अर्चकांची वंशपरंपरागत नेमणूक रद्द केली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने ती सुधारणा वैध ठरवली. पूजा कशी करायची हा धर्माचा भाग आहे, पण पुजारी कोणी नेमायचा ही ऐहिक बाब आहे, असा त्याचा आशय होता. पुजारीपदाविषयी हे म्हणता येत असेल, तर दानपेटीच्या किल्लीविषयी वादच नको.

मात्र तरुण मंडळाला एक सावधगिरीची गोष्ट सांगावीशी वाटते. दोन जागा स्त्रियांना दिल्या म्हणजे काम झाले असे नाही. जानेवारी २०१६ मध्ये शनिशिंगणापूरच्या देवस्थानावर पहिल्यांदा एक स्त्री अध्यक्ष झाली, आणि चौथऱ्यावर स्त्रियांना जाऊ देण्यास त्यांनीच विरोध केला. चौथरा उघडला तो एप्रिलमध्ये, उच्च न्यायालयाने प्रवेशाच्या १९५६ च्या कायद्याची आठवण करून दिल्यावर. महाराष्ट्राने २०११ साली स्थानिक स्वराज्य संस्थांत स्त्रियांना निम्म्या जागा दिल्या. "सरपंचपती" हा शब्द आपण सर्वांनी ऐकलेला आहे, आणि जिने पतीला खुर्चीवरून उठवले अशा सरपंच बाईही माझ्या माहितीत आहेत. पहिल्या पाच वर्षांत त्यांनी ऐकून घेतले, दुसऱ्या पाच वर्षांत त्यांनी सही करण्यापूर्वी वाचायला सुरुवात केली. जागा मिळाली नसती तर वाचायला काय मिळाले असते?


पुलाजवळ :

थोडक्यात लिहितो. नव्या नेतृत्वाची एवढी हौस असेल तर नवे कोठून येते तेही पाहावे. पंढरपूरची घराणी गेली आणि समिती आली, ती सरकार नेमते, आणि सरकार कोणाचे यावर समितीत कोण हे ठरते. आषाढीची शासकीय महापूजा मुख्यमंत्री सपत्नीक करतात. २०१८ साली आंदोलनामुळे मुख्यमंत्र्यांना पंढरपूरला न जाता घरीच पूजा करावी लागली, तेव्हा त्या पूजेचे राजकारण किती झाले ते आठवावे. २०२४ साली दिंड्यांना प्रत्येकी वीस हजार रुपये देण्याची घोषणा झाली. ते वर्ष निवडणुकीचे होते हे सांगायला नकोच. सरपंचाची थेट निवड २०१७ साली आणली, २०२० साली काढली आणि २०२२ साली पुन्हा आणली, आणि प्रत्येक वेळी कारण लोकशाहीचेच दिले गेले. पुतण्याच्या फलकावरची छायाचित्रे म्हणून मला साधी वाटत नाहीत. आबांचा मुलगा निदान देवाला घाबरत असेल.


माळकरी :

अनुराधाताई, हलगीविषयी आपण लिहिले ते मला लागले आणि ते खरे आहे. आमच्या दिंडीत रथापुढचा क्रम सांगताना माझी छाती फुगते, पण रथाच्या मागे बऱ्याच अंतरावर चालणाऱ्या दिंड्यांना तो क्रम कसा दिसत असेल याचा विचार मी बावीस वर्षांत केला नव्हता. निवडणुकीविषयीची माझी शंका मात्र अजून तशीच आहे.


जुना_तलाठी :

पुलाजवळ यांना एकच सांगतो. देवाला घाबरणारा माणूसही वही उघडी ठेवतोच असे नाही. मी दोन्ही प्रकारची माणसे चावडीवर पाहिली आहेत. शाहू महाराजांनी १९२० साली क्षात्रजगद्गुरूंची, म्हणजे ब्राह्मणेतरांच्या स्वतंत्र धर्मगुरूची, गादी निर्माण केली, तेव्हा जुन्या पीठाला उत्तर म्हणून नवे पीठ उभे करणे योग्य की अयोग्य हा प्रश्न होताच, कारण देव आणि माणूस यांच्यात मध्यस्थ नको अशी सत्यशोधकांची शिकवण. नव्या गादीचीही गादीच होते, हे मान्य. म्हणून तर गादीवर कोण बसले यापेक्षा वही कोणापुढे वाचली जाते हे मी आधी पाहतो. निरेकाठचे, उतारा मिळाला का?


निरेकाठचा :

सर्वांचे मनापासून आभार. उत्तराला उशीर झाला, कारण उताऱ्यासाठी दोन फेऱ्या माराव्या लागल्या आणि तो मिळाल्यावर गावात आणखी एक बैठक झाली.

उत्तराधिकाराच्या रकान्यात वारसाचा उल्लेख नाही. "जागा रिकामी झाल्यास उरलेल्या विश्वस्तांनी गावातील योग्य इसम बहुमताने नेमावा," एवढेच तिथे मोडीवळणाच्या देवनागरीत लिहिले आहे. हे मी सभामंडपात वाचून दाखवले तेव्हा सर्वांत वयस्कर विश्वस्त बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आमच्या बापांनी लिहिलं एक आणि केलं एक." थोरल्याने बापाच्या जागी बसायचे हा शिरस्ता आम्ही परंपरा म्हणून धरून बसलो होतो, आणि ज्यांनी देवस्थान नोंदवले त्यांनी तो लिहून ठेवलेलाच नव्हता.

दुसरी गोष्ट मला माझ्याच लिहिण्यात दुरुस्त करायची आहे. एकतीस वर्षे आबांनी वही स्वतःच्या हाताने लिहिली असे मी म्हटले होते. बैठकीसाठी वह्या काढल्या तेव्हा शेवटच्या चार वर्षांचे अक्षर वेगळे दिसले. आबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. ते सांगत आणि त्यांची धाकटी सून लिहीत असे. ती गावातच राहते, बारावीपर्यंत शिकलेली आहे आणि बचत गटाचे हिशेब सांभाळते. तिसऱ्या दिवशी वाचताना आबा वही मांडीवर घेत ते खरे, पण शेवटची काही वर्षे ते बहुतेक पाठ म्हणत असावेत. हे थोरल्या चिरंजीवांनाही ठाऊक नव्हते. त्यांनीच मग, कोणी सुचवण्याआधी, "माझ्याऐवजी तिला नेमा," असे म्हटले. पुतण्याने त्यावर निवडणुकीची मागणी पुन्हा केली आणि काही जणांनी टाळ्याही वाजवल्या, त्यामुळे तो प्रश्न संपला असे मी म्हणणार नाही.

तूर्त ठरले ते असे. आबांच्या जागी धाकटी सून. पाचांपैकी आणखी एक विश्वस्त प्रकृतीमुळे राजीनामा देणार आहेत, त्या जागी ओढ्यापलीकडच्या वस्तीतले निवृत्त प्राथमिक शिक्षक. यावर दोन घरांनी नाराजी नोंदवली आणि एक जण उठून गेला. दानपेटी उघडताना पाचांपैकी तीन विश्वस्त आणि गावातले कोणतेही दोन लोक हजर असावेत. पालखीच्या खांद्याचा क्रम बदललेला नाही. हलगीच्या बाबतीत गुरुजींनीच विषय काढला, की वस्तीतल्या मुलांना यापुढे वाजवायचे असेल तर ठरलेली बिदागी मिळावी आणि वाजवायचे नसेल तर कोणी घरी बोलावणे पाठवू नये. त्यावर अर्धा तास बोलणे झाले आणि तो विषय पुढच्या बैठकीवर गेला.

यंदाचे राहिलेले वाचन येत्या रविवारी होणार आहे. एक्सेलवरून वहीत उतरवून घेण्याचे काम सूनबाईंनी कालच सुरू केले, आणि मांडववाल्याची एक पावती दोनदा धरली गेली आहे हे त्यांना पहिल्याच संध्याकाळी सापडले.

तलाठीसाहेब, नव्वद दिवसांपैकी आता नऊच उरले आहेत. ठराव साध्या कागदावर चालेल, की इतिवृत्ताच्या वहीतच हवा?


जुना_तलाठी :

वहीतच लिहा, तारीख त्याच दिवसाची घाला आणि हजर विश्वस्तांच्या सह्या तिथेच घ्या. चेंज रिपोर्टसोबत ठरावाची खरी प्रत, आबांच्या मृत्यूचा दाखला आणि सूनबाईंचे संमतिपत्र जोडा. जे विश्वस्त राजीनामा देणार आहेत त्यांचा अर्ज स्वतंत्र ठेवा. दोन्ही बदल एकाच कागदात घातले आणि एकाला हरकत आली, तर दुसराही अडकून बसेल. जे गृहस्थ उठून गेले त्यांची हजेरी मात्र वहीत जरूर नोंदवा, आणि कोणत्या विषयावर उठले तेही लिहा.